साखर मोजली, हृदयाचं काय?

मधुमेह हा शहराचा आजार, अशी एक सोयीची समजूत आपण करून घेतली आहे. बसून काम, तळलेलं खाणं, जागरणं, डोक्याला ताप. मग साखर वाढणारच. खेड्यातला माणूस भाकरी-ठेचा खातो, उन्हातान्हात राबतो, त्याला कुठली साखर आणि कुठला हार्ट अटॅक, हे वाक्य पारावरही ऐकू येतं आणि दिवाणखान्यातही. सोयीची अशासाठी, की ती एकदा खरी मानली की खेड्यासाठी काही करण्याची जबाबदारीच अंगावर राहत नाही.

या समजुतीला आकड्यांचा आधारही सापडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीत एक लाख तेरा हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. शहरी भागात हे प्रमाण १६.४ टक्के आणि ग्रामीण भागात ८.९ टक्के. म्हणजे खेड्यात जवळपास निम्मंच. आपण इथेच थांबतो आणि निश्चिंत होतो.

पण किती जणांना रोग आहे हा एक प्रश्न झाला. रोग झालेल्यांचं पुढे काय होतं, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो आपण विचारत नाही. ‘प्युअर’ नावाच्या अभ्यासानं तो विचारला. भारतासह १७ देशांतल्या दीड लाखांवर माणसांचा त्यात सरासरी चार वर्षं मागोवा घेतला गेला आणि २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, सुटलेलं पोट अशी हृदयाला धोका देणारी कारणं एकत्र मोजली, तेव्हा ती शहरात जास्त भरली, खेड्यात कमी. प्रत्यक्ष हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि तत्सम घटना मोजल्या, तेव्हा मात्र पारडं फिरलं. दर हजार माणसांमागे वर्षाला शहरात ४.८३ घटना, तर खेड्यात ६.२५. आणि अशी घटना घडल्यावर दगावणाऱ्यांचं प्रमाण शहरात साडेतेरा टक्के, खेड्यात सव्वासतरा टक्के. हे आकडे केवळ मधुमेहींचे नाहीत, सगळ्यांचे आहेत. पण त्यातून निघणारी गोष्ट मधुमेहींना सर्वाधिक लागू पडते, कारण मधुमेह हा हृदयाच्या धोक्यातला मोठा वाटेकरी आहे.

ज्याच्या अंगात धोका कमी, तोच जास्त मरतो, याचा अर्थ काय लावायचा? निसर्गानं खेड्यातल्या माणसाला जी सवलत दिली, ती आपल्या व्यवस्थेनं काढून घेतली, एवढाच याचा अर्थ लागतो. या लेखाचं म्हणणंही तेवढंच आहे. शहर आणि खेडं यांच्यातला हा फरक नशिबाचा नाही, हवापाण्याचाही नाही. तो आपण पाडलेला आहे, म्हणून तो आपल्यालाच बुजवता येईल.

महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर गडचिरोलीचं घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. हिवताप, क्षयरोग, कुपोषण यांचा हा जिल्हा, असं आपण गृहीत धरतो. तिथे मृत्यूच्या कारणांत पहिला क्रमांक पक्षाघाताचा लागला. सुमारे १४ टक्के मृत्यू त्यानं झालेले. ज्या आजाराला आपण चैनीचा आजार म्हणत होतो, तो जंगलातल्या गावात जाऊन बसला होता आणि त्याची दाद घ्यायला तिथे कुणी नव्हतं.

खेड्यात मधुमेह कमी, हा दिलासाही फार दिवसांचा नाही. त्याच ‘इंडियाब’ पाहणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले लोक मोजले गेले, तेव्हा शहर आणि खेडं यांत फरकच उरला नाही. दोन्हीकडे पंधरा टक्क्यांच्या आसपास. आज उंबरठ्यावर असलेले उद्या घरात येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शिवाय आपल्या माणसाचं ‘काटक’ असणं किती फसवं असतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. त्या बाळांचं जन्माच्या वेळचं वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपली बाळं लहान असली तरी त्यांच्या अंगातली चरबी त्या मानानं कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. वरून हडकुळा आणि आतून चरबी धरून ठेवणारा, असा हा देह पुढे थोड्याशा वजनवाढीनंही मधुमेहाकडे झुकतो. आईच्या पोटात असताना झालेली उपासमार चाळिशीत साखर होऊन वर येते. तेव्हा ‘हा श्रीमंतांचा रोग’ असं म्हणणं म्हणजे गरिबाच्या जखमेवर मीठ चोळणं आहे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. मधुमेह म्हणजे साखर, साखर म्हणजे गोड बंद, एवढ्यावर आपलं ज्ञान संपतं. वास्तविक मधुमेहाचा रुग्ण सहसा साखरेनं मरत नाही. तो मरतो हृदयविकारानं, पक्षाघातानं किंवा मूत्रपिंडं निकामी होऊन. वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातली वाईट चरबी ही तिन्ही मिळून रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर वर्षानुवर्षं खरवडत असतात. मधुमेह असलेल्याला हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. बाईला तर मधुमेहामुळे वाढणारा धोका पुरुषापेक्षाही अधिक. म्हणून मधुमेहाचा उपचार म्हणजे मुळात हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा सांभाळ, आणि साखर हा त्यातला एक भाग.

हा सांभाळ कसा करायचा, हे वैद्यकशास्त्राला कधीचं माहीत आहे. ब्रिटनमधल्या ‘यूकेपीडीएस’ या वीस वर्षं चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. मधुमेहींचा रक्तदाब नीट आटोक्यात ठेवला, तर मधुमेहाशी संबंधित मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं आणि पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी होतात, असं त्यात दिसलं. २००४ साली ‘कार्ड्‌स’ या चाचणीनं दाखवलं, की आधी हृदयविकार नसलेल्या मधुमेहींना अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची दहा मिलिग्रॅमची एक गोळी (चरबी कमी करणारी, ‘स्टॅटिन’ गटातली) रोज दिली, तर झटके आणि पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी घटतात. डेन्मार्कमधल्या ‘स्टेनो’ अभ्यासात अवघे १६० रुग्ण होते. पण साखर, रक्तदाब, चरबी आणि तंबाखू या सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष दिल्यानं हृदयाच्या घटना जवळपास निम्म्यावर आल्या. यातलं एकही औषध नवं नाही, महाग नाही. पेटंटं केव्हाच संपली आहेत. ही औषधं शेकडो कंपन्या बनवतात आणि जनऔषधी केंद्रात ती नाममात्र किमतीला मिळतात.

लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगात पथ्यपाणी हाच काय तो त्यांचा उपचार. १९२० साली ते गेले, आणि इन्सुलिनचा शोध लागला तो त्याच्या पुढच्या वर्षी. त्या काळच्या डॉक्टरांना निदान असं म्हणता येत होतं, की आमच्या हाती औषधच नाही. आज तसं म्हणण्याची सोय कुणालाही नाही.

मग खेड्यात होतं काय? एखाद्या बाजाराच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेपाशी उभं राहून पाहावं. पन्नाशी ओलांडलेली बाई वडापनं आलेली असते. जीप भरेपर्यंत तासभर गेलेला, उतरल्यावर चढ चढलेला. केस पेपर काढून ती आत येते. बोटाला सुई टोचली जाते, पट्टीवर थेंब पडतो, आकडा येतो: दोनशे दहा. “गोड बंद करा, भात कमी खा.” दंडाला पट्टा बांधून रक्तदाबही घेतला जातो, पण ती अजून धापाच टाकत असते. आकडा जास्त येतो, तो कागदावर चढतो, आणि पाच मिनिटं शांत बसवून तो पुन्हा घ्यावा असं त्या गर्दीत कुणाच्या मनात येत नाही. कागदाच्या पुडीत साखरेच्या दहा दिवसांच्या गोळ्या मिळतात. रक्तदाबाची गोळी या खेपेला आलेली नाही. तिच्या कनवटीला मिश्रीची डबी आहे. ती कुणी विचारत नाही, ती सांगत नाही. चालताना दम लागतो का, पायाला सूज येते का, छातीत भरल्यासारखं होतं का, हे प्रश्न येत नाहीत. चरबी कमी करणाऱ्या गोळीचं तर नावही निघत नाही. अकराव्या दिवशी गोळ्या संपतात. पुन्हा यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि दोन्ही वेळचं भाडं. तिला बरंही वाटत असतं. ती येत नाही. रजिस्टरमध्ये शेरा पडतो: रुग्ण अनियमित.

या शेऱ्यावर माझा आक्षेप आहे. अनियमित ती नाही. दहा दिवसांच्या गोळ्या देऊन आयुष्यभराचा आजार सांभाळायला सांगणारी व्यवस्था अनियमित आहे. शहरात पगाराची सुट्टी, घराजवळ औषधांचं दुकान आणि फोन केला की दारात गोळ्या, हे सगळं हाताशी असतानाही किती जण वेळेवर गोळ्या घेतात, हे आपापल्या घरात पाहावं. मग खेड्यातल्या बाईला निष्काळजी म्हणायला जीभ धजणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बायकांच्या बाबतीत ‘अंगावर काढणं’ हा आपल्याकडे सद्‌गुण मानला जातो. सासूचं पथ्य ती सांभाळते, नवऱ्याला गोळीची आठवण ती करते. स्वतःचा दम ‘वयाचा’ म्हणून सोडून देते. डॉक्टरकडे जायचं तर पैसे मागावे लागतात आणि सोबत शोधावी लागते. घरातल्या पुरुषानं ‘तुझी गोळी घेतलीस का?’ एवढं विचारणं, यालाही आज सुधारणा म्हणावं लागेल, अशी आपल्या घरांची स्थिती आहे.

समजुतींचा तोटा तर कुठेच नाही. गोळीची सवय लागते. एकदा गोळी सुरू झाली की मरेपर्यंत सुटत नाही. साखर नॉर्मल आली, आता गोळी कशाला? रक्तदाबाचा काही त्रास होत नाही, म्हणजे तो नसणार. सलाईन लावलं की ताकद येते. या समजुतींवर नुसतं हसून चालणार नाही, कारण त्यांवर दुकानं चालतात. साखर तपासायची, एक सुई द्यायची, सलाईन लावायचं आणि पैसे घ्यायचे, हा उपचार गावोगाव विकला जातो. त्यात रक्तदाबाची नोंद नसते आणि पुढची तारीखही नसते. रोज घ्यायची साधी, स्वस्त गोळी लिहून देण्यात कुणाचाच नफा नाही; म्हणून तिची बाजू घ्यायला बाजारात कुणी उभं राहत नाही. ती बाजू समाजानं घ्यायची असते.

झटका येतो तेव्हा तर अंतर म्हणजे प्राण. मधुमेहानं नसा बोथट झालेल्या असतात, त्यामुळे छातीत ती सिनेमातली कळ येईलच असं नाही. नुसता घाम फुटतो, दम लागतो, मळमळतं, पोटाच्या वरच्या भागात जड वाटतं, एकाएकी गळून गेल्यासारखं होतं. घरचे म्हणतात, गॅस झालाय. ओवा, सोडा, लिंबू होईपर्यंत रात्र उलटते. शहरातही हे होतं; पण तिथे चूक उमगल्यावर अर्ध्या तासात इसीजी निघू शकतो. खेड्यात चूक उमगते तेव्हा गाडी शोधावी लागते, तालुक्याला पोचल्यावर ‘जिल्ह्याला न्या’ असं ऐकावं लागतं, आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची उपयोगाची वेळ रस्त्यातच निघून जाते. तेव्हा मधुमेह असलेल्या घरानं एवढं तरी मनात पक्कं करावं: अचानक दम, घाम किंवा छाती-पोटात जडपणा आला, तर तो गॅस असल्याचं इसीजीनं सिद्ध होईपर्यंत तो हृदयाचाच धरायचा आणि १०८ ला फोन करायचा.

याचा अर्थ शहरात सगळं आलबेल आहे, असा मुळीच नाही. देशभरातल्या आपल्याला मधुमेह आहे हे माहीत असलेल्या लोकांची पाहणी झाली, तेव्हा साखर, रक्तदाब आणि चरबी ही तिन्ही आटोक्यात असलेले अवघे ७.७ टक्के निघाले. हे शहर आणि खेडं मिळून. म्हणजे शंभरातले नव्वदहून अधिक जण दोन्हीकडे वाऱ्यावरच आहेत. मुंबईतल्या झोपडपट्टीत राहणारा कंत्राटी कामगार मोठ्या रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर असतो, पण खाडा केला की हजेरी कापली जाते. त्याच्यापुरतं ते रुग्णालय तालुक्याइतकंच लांब. दुसऱ्या टोकाला सुखवस्तू माणूस दर वाढदिवसाला ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज घेतो, साठ चाचण्यांचे रंगीत कागद फायलीत लावतो, आणि रक्तदाबाची गोळी मात्र ‘वजन कमी केलं की घेऊ’ म्हणून टाळतो. तरीही शहराला एक गोष्ट मिळते, जी खेड्याला मिळत नाही: चूक सुधारायची पुन्हा पुन्हा संधी. वर्षातून चार-सहा वेळा कुठे ना कुठे रक्तदाब मोजला जातो, कुणीतरी डॉक्टर कोलेस्टेरॉल पाहायला सांगतो. ‘प्युअर’ अभ्यासाचाच २०११ सालचा एक भाग असं सांगतो, की आधी झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्या रुग्णांतही स्टॅटिनची गोळी घेणारे शहरात सुमारे २० टक्के होते आणि खेड्यात १२ टक्क्यांहूनही कमी. एकदा मरणाच्या दारातून परत आलेल्यांची ही गत. ज्यांना अजून झटका आलेला नाही, त्यांना कोण विचारतो?

आता सरकारकडे वळू. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होते, बायपास होते, आणि हजारो कुटुंबं त्यामुळे कर्जातून वाचली आहेत. या योजनेला नावं ठेवायचं कारण नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले, तेही स्वागतार्हच. पण पैसा आणि प्रतिष्ठा कुठे जाते ते पाहा. स्टेंट टाकला की फोटो निघतो, आकडा जाहीर होतो. दहा वर्षं रोज गोळी मिळाल्यामुळे ज्याला स्टेंट लागलाच नाही, त्याचा फोटो कोण काढणार? पीक करपल्यावर पंचनामा करून भरपाई द्यायची, पण पाटाचं पाणी वेळेवर सोडायचं नाही, असा हा कारभार आहे. भरपाई हवीच, पण शेतकऱ्याला आधी पाणी हवं असतं.

या गोळ्या खेड्यात नियमित द्या म्हटलं, की तीन हरकती घेतल्या जातात. पहिली: तिकडे प्रयोगशाळा नाहीत, कोलेस्टेरॉल कसं तपासणार? ही हरकत अज्ञानाची आहे. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहीला स्टॅटिन द्यावं, त्यासाठी कोलेस्टेरॉलचा आकडा यायची वाट पाहू नये, असंच जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. २०३० पर्यंत अशा रुग्णांपैकी ६० टक्क्यांना स्टॅटिन आणि ८० टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात, हे उद्दिष्ट याच संघटनेनं २०२२ साली ठरवलं. वय, साखर आणि रक्तदाब एवढं कळलं की डॉक्टरला निर्णय घेता येतो. अर्थात, हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणून अ‍ॅस्पिरिन तर कुणीही आपल्या मनानं सुरू करू नये, ती प्रत्येक मधुमेहीसाठी नाही.

दुसरी हरकत: डॉक्टर नाहीत. खरं आहे. पण हे काम डॉक्टरांनी एकट्यानं करायचं नाहीच. २०१७ च्या अखेरीला देशात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमात महाराष्ट्रातले सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. तिथे काय केलं? औषधांचा एकच ठरलेला क्रम, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, प्रत्येक रुग्णाची नोंद, न आलेल्याला फोन, आणि रक्तदाब मोजण्याचं काम परिचारिकेकडे. देशभर या कार्यक्रमातल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात आला. आणि विशेष असं, की मोठ्या रुग्णालयांपेक्षा खालच्या आरोग्य केंद्रांची कामगिरी सरस ठरली. कारण सरळ आहे: जवळचं केंद्र असलं की माणूस पुन्हा येतो.

तमिळनाडूनं आणखी एक पाऊल टाकलं. ऑगस्ट २०२१ मध्ये कृष्णगिरी जिल्ह्यातून सुरू झालेल्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्‌’ या योजनेत साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या रुग्णाच्या दारात जातात. त्यासाठी बायकांची फळी गावोगाव उभी केली गेली. आणि हे सगळं परदेशात कुठे सिद्ध झालं आहे का, असं विचारणाऱ्यांसाठी इराणच्या गोलेस्तान प्रांतातली २३६ गावं आहेत. तिथे रक्तदाबाची दोन औषधं, स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन एकाच गोळीत घालून पाच वर्षं दिली गेली. २०१९ साली निष्कर्ष आले: हृदयाच्या मोठ्या घटना ३४ टक्क्यांनी कमी. ती चाचणी खेड्यांत झाली होती, राजधानीत नव्हे.

तिसरी हरकत पैशाची. इथे आपल्याच देशाचा अनुभव पुरेसा आहे. क्षयरोगाच्या ‘डॉट्स’ उपचारात प्रत्येक रुग्णाच्या नावाची औषधांची पेटी असायची. उपचार सुरू झाला त्या दिवशी संपूर्ण काळाची औषधं त्या पेटीत त्याच्या नावानं राखून ठेवलेली. साठा संपला, ट्रक आला नाही, ही सबब तिथे चालत नसे. हा देश दरिद्री असताना ते जमलं. मग मधुमेहीच्या नावाची पेटी उपकेंद्रात का असू नये? साखर, रक्तदाब आणि चरबी, तिन्हींच्या तीन महिन्यांच्या गोळ्या, वर नाव. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा तक्ता भरतात. कंबर मोजतात, तंबाखू-दारू विचारतात. म्हणजे धोका कुणाला आहे, हे गावाला कळलेलं असतं. कळल्यावर पुढचं पाऊल टाकायचं नाही, हा कंजूसपणा आणि अन्यायही आहे. आणि ज्या आशाताईंच्या जिवावर हा सगळा डोलारा उभा आहे, त्यांना पगार न देता मोबदल्यावर राबवायचं, हा दुसरा अन्याय. या दोन अन्यायांची सोडवणूक एकत्रच होईल.

नव्या औषधांबाबतही हेच. एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळीनं हृदयविकार असलेल्या मधुमेहींतले हृदयामुळे होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी होतात, हे २०१५ साली कळलं. दहा वर्षं ती गोळी शहरातल्या ऐपतवाल्यांची राहिली. मार्च २०२५ मध्ये तिचं पेटंट संपलं आणि किंमत कोसळली. आता ती आरोग्य केंद्रापर्यंत पोचायला आणखी दहा वर्षं लागली, तर तो दोष बाजाराचा नसेल, आपला असेल.

शेवटी, शहरात राहणाऱ्या आणि गावाकडे आईवडील असलेल्या वाचकांशी थोडं रोखठोक बोलायचं आहे. आपण स्वतःचं कोलेस्टेरॉल दरवर्षी तपासतो. आईला फोनवर विचारतो, “साखर किती आली?” ती आकडा सांगते, आपण “जप गं” म्हणतो आणि फोन ठेवतो. तिचा रक्तदाब किती, चरबीची गोळी चालू आहे का, किती दिवसांच्या गोळ्या उरल्यात, हे आपल्याला माहीत नसतं. गणपतीला जाताना साडी नेता, तर सोबत दंडावर बांधायचं रक्तदाबाचं यंत्र न्या. शेजारपाजारच्या चार म्हाताऱ्यांचाही त्यावर रक्तदाब मोजला जाईल. पण एवढ्यावर आपलं कर्तव्य संपलं असं समजू नका. आपल्या आईपुरती सोय करणं हे प्रेम झालं, सुधारणा नव्हे. जिची मुलं शहरात नाहीत, तिचं काय, इथून सुधारणा सुरू होते.

आणि ती सुरू करायला नवा कायदा लागत नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असं राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात लिहिलेलं आहे. गावात आरोग्य, पोषण आणि स्वच्छतेची समिती कागदावर का होईना, असते. आरोग्यसेवेवर लोकांनीच देखरेख ठेवण्याचा प्रयोग महाराष्ट्रात २००७ पासून झालेला आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. रस्ता आणि घरकुल यांच्यावर तिथे कडाक्याची भांडणं होतात, ती व्हावीतच. त्याच सभेत हे पाच प्रश्नही विचारावेत.

गावात तिशीपुढच्या किती जणांची साखर आणि रक्तदाब गेल्या वर्षभरात मोजला गेला? सापडलेल्या मधुमेहींपैकी कितींचा रक्तदाब आटोक्यात आहे? चाळिशीपुढच्या किती मधुमेहींना स्टॅटिनची गोळी चालू आहे? उपकेंद्रात आणि आरोग्य केंद्रात या गोळ्यांचा साठा वर्षात किती दिवस संपलेला होता? रात्री कुणाच्या छातीत भरून आलं, तर पहिला इसीजी कुठे निघेल, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कुठे मिळेल आणि तिथे पोचायला किती वेळ लागेल?

पाच उत्तरांना एक कागद पुरतो. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर, करवसुलीच्या यादीशेजारी लावावा आणि पुढच्या ग्रामसभेत जुना आणि नवा कागद शेजारी धरून वाचावा. आकडा सुधारला नसेल, तर सरपंचांपासून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपर्यंत कारण मागावं, लेखी मागावं. पहिल्या वेळी उडवाउडवी होईल. दुसऱ्या वेळी रजिस्टरं शोधली जातील. तिसऱ्या वेळी गोळ्या येतील. पाणीपट्टीचा हिशेब मागायला शिकलेल्या गावानं आता आपल्या हृदयाचाही हिशेब मागावा.